नॉरॲडच्या चिठ्ठ्या

मंगळवारी दुपारी एक वाजता पहिली चिठ्ठी हातात पडली. इंजेक्शन नॉरॲड, ४ अँप्यूल, म्हणजे पडलेलं बीपी उचलायच्या नॉरॲड्रेनलिन औषधाच्या चार काचेच्या कुप्या. रात्री अकराच्या चिठ्ठीवर तोच आकडा १२ झाला होता. आयसीयूच्या बंद दाराआड मायचं काय चाललंय, हे डॉक्टरांच्या आधी मला त्या चिठ्ठ्यांनी सांगितलं. लातूरच्या त्या दवाखान्यात तळमजल्यावर मेडिकल आणि तिसऱ्या मजल्यावर आयसीयू. जिने किती चढलो-उतरलो ते मोजलं नाही, अँप्यूल मात्र मोजत गेलो.

मी स्वतः मेडिकलवाला आहे. अहमदपुरात एकवीस वर्षांपासून दुकान चालवतो. म्हणून सुरुवात कुठून झाली ते आधी सांगतो, कारण त्या सुरुवातीला माझाच हात लागलेला आहे.

मायला साखर आहे, बीपी आहे आणि मुतखड्याचा जुना त्रास. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप आला. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला, आणि ही दोन गोधड्यांखाली दात वाजवत होती. "बाबू, अंग सगळं कापूलालंय रे," म्हणाली. डाव्या कुशीत दुखत होतं, लघवीला जळजळ होती. मी दुकानातून पॅरासिटामॉल आणली आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ह्या अँटिबायोटिकची पट्टी आणली. लघवी तपासली नाही, कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. सोमवारी ताप उतरला, परत चढला, परत उतरला. मंगळवारी सकाळी तिनं चहा नको म्हटलं. मी रोजच्या सवयीनं टेल्मिसार्टन ४० तिच्या हातावर ठेवली आणि तिनं ती पाण्याबरोबर घेतली. बीपी कमी करायची गोळी. घरात मशीन होतं, दुकानात मशीन होतं, पण मी बीपी बघितलं नाही. तासाभरानं ती माझ्या लेकीला माझ्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागली, तेव्हा मशीन लावलं. साडेआठ वाजले होते. ७८ वर ४४.

गावातल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. एक सलाइन, सेफ्ट्रिॲक्सोन ह्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, आणि "लातूरला न्या, आत्ता". ॲम्ब्युलन्समध्ये चाकूर मागं पडेपर्यंत मी तिचा हात हातात धरून बसलो होतो. एक गोष्ट मला सारखी खटकत होती. बीपी पडलेल्या माणसाचे हात गार पडतात, घाम फुटतो, असंच आजवर बघितलेलं. मायचा तळवा गरम होता, लालसर आणि कोरडा. नखावर दाबून सोडलं की रंग लगेच परत येत होता. मला वाटलं, मशीनच चुकतंय. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. आकडा खालीच होता. हात गरम का, ह्याचं उत्तर त्याच रात्री मिळालं. सगळा प्रकार त्या गरम तळव्यातच होता.

आयसीयूत घेतल्याबरोबर त्यांनी कुठला जंतू आहे ते बघायला रक्त कल्चरला पाठवलं, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि सलाइन जोरात सोडलं. किलोमागे ३० मिली हा हिशोब. माय साठ किलोची, म्हणजे १८०० मिली, अर्ध्या लिटरच्या जवळपास चार बाटल्या. त्या बाटल्या मीच खालून आणून दिल्या. प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, निर्जंतुक आणि पायरोजनमुक्त. मी हजारो बाटल्या विकल्या असतील. पायरोजन म्हणजे ताप आणणारा पदार्थ, आणि त्यातला मुख्य म्हणजे जंतूंचं एंडोटॉक्सिन, हे कॉलेजात शिकलो होतो. पूर्वी ते सशाला टोचून त्याचा ताप बघत. नंतर हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या निळ्या रक्तातून चाचणी निघाली, कारण त्या रक्ताचं एंडोटॉक्सिनच्या अगदी बारक्या अंशानंही गोठण होतं. जंतू मेला तरी हे विष मरत नाही, साध्या उकळण्यानं जात नाही. बाटलीत कणभरही येऊ नये म्हणून एवढा आटापिटा करायचा, आणि इथं मायच्या मूत्रपिंडातून तेच विष तिच्या रक्तात मिनिटामिनिटाला उतरत होतं.

चार बाटल्या गेल्या तरी बीपी उचललं नाही. अंगाला रक्त पुरेनासं झालं की रक्तात वाढणारं लॅक्टेट ५.८ आलं, म्हणजे बरंच चढलेलं. मानेतून मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन टाकली आणि नॉरॲड्रेनलिन सुरू झालं. पहिली चिठ्ठी ती.

ह्या औषधाचं गणित सरळ आहे. एका दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये २ मिलीग्रॅम नॉरॲड्रेनलिन. दोन अँप्यूल ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरल्या की एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. सिस्टरला विचारलं, पंप कितीवर आहे? "साडेचारवर, दादा." म्हणजे तासाला साडेचार मिली, साठ किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. ह्या वेगानं एक सिरिंज अकरा तास पुरते. मी मनात म्हटलं, चार अँप्यूल उद्या सकाळपर्यंत पुरतील.

चारच्या आधीच दुसरी चिठ्ठी आली. पंप नऊवर गेला होता. सहा वाजता तेरावर. मॉनिटरवर सरासरी दाब ६५ च्या वर ठेवायचा असं त्यांचं चाललं होतं, आणि दार उघडायचं तेव्हा मला लांबून ५८, ५६, ५९ असे आकडे दिसायचे. औषध तिप्पट झालं आणि आकडा जागचा हलेना.

मामा माझ्यासोबत होते. त्यांनी विचारायचं ते विचारलंच. "आरं, औषध लागूच पडंना की. डुप्लिकेट तर नसंल?" खरं सांगतो, माझ्या मनातही तेच आलं होतं. मेडिकलवाल्याच्या मनात आधी तेच येतं. मी एक अँप्यूल खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. नॉरॲड्रेनलिन खराब झालं की गुलाबी पडतं, मग तपकिरी होतं. हे पाण्यासारखं स्वच्छ होतं. बॅच बघितली, मुदत बघितली. खालच्या काउंटरवरच्या पोराला विचारलं, उन्हात तर राहिलं नाही ना? त्यानं खोकं दाखवलं, काळ्या कागदात नीट होतं. औषधात काहीच खोट नव्हती.

साडेसहाला डॉक्टर बाहेर आले. तरुण माणूस, डोळे तांबारलेले. मामांनी त्यांनाही तेच विचारलं. ते रागावले नाहीत. भिंतीला टेकून म्हणाले, "मामा, तुमच्याकडं ठिबक आहे का?"

"हाय की. दोन एकर."

"सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडे सोडले तर शेवटच्या ओळीला पाणी जाईल?"

"कशाला जातंय. ड्रिपर टिपकणार बी नाही."

"हेच झालंय. मोटार चालू आहे, विहिरीला पाणी आहे, आम्ही वरून चार बाटल्या ओतल्या. पण अंगातल्या सगळ्या बारीक नळ्या सैल सुटल्यात. नॉरॲड हा व्हॉल्व्ह आवळायचा निरोप आहे. निरोप पोहोचतोय, पण पुढचा हात तो ऐकत नाही. जंतूंच्या विषानं तो हात बधिर केलाय."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही फार्मसीचे ना? डोस-रिस्पॉन्स कर्व्ह आठवतो का?"

आठवत होता. बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. बेडकाच्या पोटाचा स्नायू एका काचेच्या नळीत टांगलेला, खाली स्नायू आवळणाऱ्या ॲसिटिलकोलीनचे थेंब, आणि स्नायू आवळला की धुरानं काळ्या केलेल्या कागदावर पांढरी रेघ उठायची. ०.१ मिलीला बोटभर, ०.२ ला त्याहून उंच, ०.४ ला आणखी. मग एका ठिकाणी रेघ थांबायची, कितीही टाका, उंची तेवढीच. कागदावर तो वळण घेणारा इंग्रजी एससारखा आलेख काढायचा आणि सरांची सही घ्यायची. वीस वर्षांत तो परत कधी लागला नव्हता. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागं तसाच एक आलेख काढला आणि शेजारी दुसरा. दुसरा उजवीकडं सरकलेला होता आणि बुटका होता. "हा निरोगी माणसाच्या रक्तवाहिनीचा. हा रक्तात एंडोटॉक्सिन असलेल्याचा. उजवीकडं सरकलाय म्हणजे तोच परिणाम मिळवायला औषध जास्त लागतं. ते आम्ही देतोय. पण बुटका झालाय ना, त्याला उपाय नाही. माथाच खाली आला की कितीही द्या, तेवढाच आवळणार."

तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि आत गेले. मला एकवीस वर्षांच्या धंद्यात कुणी इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं.

पुढची चिठ्ठी नॉरॲडची एकटी नव्हती. व्हॅसोप्रेसिन आणि हायड्रोकॉर्टिसोन. व्हॅसोप्रेसिन फ्रिजमधलं औषध, पोरानं बर्फाच्या पिशवीत बांधून दिलं. ते नॉरॲडच्या दारानं जात नाही, रक्तवाहिनीवर त्याचं दार वेगळं आहे, म्हणून एक दार आतून बंद असताना दुसरं वाजवून बघायचं. शिवाय हा हार्मोन आपल्या मेंदूच्या तळाशीच साठलेला असतो आणि सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळतं तेव्हा, तो साठा लवकर उपसून जातो. १९९७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ह्या रुग्णांच्या रक्तात तो असायला हवा त्याच्या मानानं फारच कमी सापडतो. हायड्रोकॉर्टिसोनचं वेगळं. दिवसाला २०० मिलीग्रॅम. ते स्वतः बीपी चढवत नाही, नॉरॲडला रक्तवाहिनीनं पुन्हा ओ द्यावी एवढ्यासाठी ते असतं. मी आजवर ह्या इंजेक्शनकडं दमा आणि ॲलर्जीचं औषध म्हणूनच बघत आलो होतो.

दरम्यान सोनोग्राफी झाली होती. डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला, वरचं मूत्रपिंड फुगलेलं. लघवी खाली यायला वाट नाही, आणि कोंडलेल्या लघवीत जंतू. मूत्ररोगतज्ज्ञ आठला आले. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं. हे कोंडलेलं मोकळं केल्याशिवाय वरची कुठलीच औषधं लागू पडणार नाहीत. खडा आत्ता काढायचा नाही, फक्त बाजूनं डीजे स्टेंट नावाची बारीक नळी सरकवून वाट करायची. एवढ्या कमी बीपीत भूल द्यायची जोखीम त्यांनी लपवली नाही. मी सही केली. पेन मामांचं होतं, माझ्या बोटांना ते धरवत नव्हतं.

नऊ चाळीसला आत नेलं, सव्वादहाला बाहेर आणलं. सर्जननी एक छोटी बाटली दाखवली. लघवी म्हणायची ती, पण पिवळट घट्ट पू होता, तळाशी गाळासारखा बसलेला. तो पुढं कल्चरला गेला.

मला वाटलं, संपलं. घाण निघाली, आता बीपी चढणार. झालं उलटं. अकराची चिठ्ठी बारा अँप्यूलची आली. पंप सत्तावीसवर होता. ह्या वेगात पन्नास मिलीची सिरिंज दोन तासही जात नाही. एक संपायच्या आत दुसरी भरून शेजारच्या पंपावर तयार ठेवावी लागते, कारण मध्ये मिनिटभर खंड पडला तरी दाब कोसळतो. सिस्टरनं काचेतून मला दाखवलं, दोन पंप शेजारी शेजारी, एकावर हिरवा दिवा, दुसरा वाट बघत. डॉक्टर म्हणाले, स्टेंट सरकवताना हात लागला की कोंडलेल्या जागेतले जंतू आणि त्यांचं विष एकदम रक्तात सुटतं, पुढचे चार-सहा तास कठीण, ते गेले तर गेले.

ते चार-सहा तास मी जिन्यात बसून मोबाइलवर वाचत काढले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि प्रार्थना मामा करत होते.

एंडोटॉक्सिन हे नाव जर्मनीतल्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास दिलं, कॉलऱ्याच्या जंतूवर काम करताना. त्यांना दिसलं की उष्णतेनं मारलेले जंतूही प्राण्याला मारतात, म्हणजे विष जंतूच्या अंगातच आहे. पण मला हलवलं ते पुढच्या भागानं. हे विष थेट रक्तवाहिनीला जाळत नाही. आपल्या पेशींना ते शत्रूची चाहूल वाटतं, आणि त्या गजर करतात. त्या गजरात रक्तवाहिनीच्या भिंतीतलं एक एन्झाइम जागं होतं आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तासन्‌तास, बेसुमार बनवत सुटतं. स्नायूनं आवळायचं तर पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. हा वायू पोटॅशियमची दारं उघडतो, त्यामुळं कॅल्शियमची दारं मिटतात, आणि वरून नॉरॲडचा निरोप आला तरी स्नायू ढिला तो ढिलाच. मायचा तळवा गरम का होता ते कळलं. सगळ्या वाटा सताड उघड्या होत्या, रक्त कातडीखाली भरभरून येत होतं.

आणि हा वायू माझ्या दुकानात आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, ती अंगात जाऊन हाच वायू देते आणि रक्तवाहिन्या सैल करते. ह्याच वायूच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद ह्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. मायच्या अंगात न गिळलेल्या शेकडो सॉर्बिट्रेट चालू होत्या, आणि त्या तिच्याच पेशींनी बनवलेल्या.

मग तो वायूच का बंद करत नाहीत? मलाही पहाटे दीडला तेच वाटलं. तसं औषध निघालं होतं. ७९७ रुग्णांवर चाचणी झाली, २००४ साली छापून आली. बीपी छान चढलं. पण अठ्ठावीस दिवसांत औषध घेतलेल्यांतले ५९ टक्के दगावले, न घेतलेल्यांतले ४९ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. मी ते दोनदा वाचलं. बीपीचा आकडा चढणं म्हणजे माणूस वाचणं नव्हे, हे त्या जिन्यात बसून वाचताना अंगावर आलं, कारण मी संध्याकाळपासून फक्त त्या आकड्याकडं बघत होतो.

मामांच्या फोनवर तेवढ्यात कुणीतरी पाठवलं होतं, सेप्सिसला व्हिटॅमिन सीचं सलाइन लावा, हमखास गुण येतो. कल्पना अगदीच निराधार नव्हती. व्हिएन्नात निरोगी स्वयंसेवकांना एंडोटॉक्सिनचा बारीक डोस देऊन बघितलं होतं. त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या नॉरॲड्रेनलिनला कमी जुमानत होत्या, आणि व्हिटॅमिन सी दिल्यावर परत जुमानू लागल्या. पण आयसीयूतल्या खऱ्या रुग्णांवर २०२२ मध्ये मोठी चाचणी झाली तेव्हा व्हिटॅमिन सी घेतलेल्यांचं जास्त वाईट झालं. मामांना एवढंच म्हटलं, डॉक्टरांना विचारून बघू. डॉक्टर नको म्हणाले.

एक गोष्ट वाचायला नको होती, पण वाचली. २००६ चा एक अभ्यास, २७३१ रुग्णांचा. बीपी पडल्यापासून पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिक मिळायला होणाऱ्या दर तासाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी उतरते. मायचं बीपी मला साडेआठला दिसलं. खरं कधी पडलं ते माहीत नाही, कारण मी बघितलं नव्हतं. मेरोपेनेम बाराच्या पुढं लागलं. त्याआधीचे दोन दिवस माझ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे.

तीन वाजता सिस्टर दारात आली. मी उठून उभा राहिलो, चिठ्ठीसाठी हात पुढं केला. तिच्या हातात चिठ्ठी नव्हती. "दादा, पंप बावीसवर आणलाय. सिरिंज आहेत शिल्लक, काही आणू नका."

सकाळी आठला तो चौदावर होता. बुधवारी संध्याकाळी सहावर. लॅक्टेट २.१. एकाही औषधाचा डोस वाढवला नव्हता. तेच नॉरॲड, त्याच बॅचचं, ज्याच्या बारा अँप्यूल आदल्या रात्री पाण्यासारख्या गेल्या, त्याचे थेंब आता पुरत होते. औषध तेच होतं, ऐकणारी रक्तवाहिनी शुद्धीवर आली होती. गुरुवारी दुपारी नॉरॲड बंद झालं. व्हॅसोप्रेसिन त्यानंतर निघालं.

कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला. रिपोर्टवर औषधांची यादी असते, समोर एस किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर आर. सेफ्ट्रिॲक्सोनसमोरही आर. मेरोपेनेमसमोर एस.

शुक्रवारी मला आत जाऊ दिलं. माय जागी होती, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, "जेवलास का रे?" मी पायाशी बसलो आणि पांघरूण सरकवलं. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं निळसर काळी होती. डॉक्टर म्हणाले, जास्त डोसमध्ये हे होतं. बाकीच्या वाहिन्या ऐकत नसतात तेव्हाही बोटांच्या टोकाची बारीक वाहिनी आवळून बसते. एक बोट आठवडाभरात परत गुलाबी झालं. करंगळीचं टोक वाळलं आणि सालपटासारखं गळून पडलं. तिनं ते कागदात गुंडाळून मला दाखवलं आणि विचारलं, "हे कशानं झालं?" मी सांगितलं, जीव वाचवणाऱ्या औषधानं. बाकीचंही सांगितलं, रविवारच्या गोळ्यांपासून. ती काही बोलली नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

नवव्या दिवशी घरी आलो. खडा नंतर दुर्बिणीनं काढला आणि सहा आठवड्यांनी स्टेंट. त्या दिवशी डॉक्टरांनी बीपी बघितलं. १५६ वर ९२. टेल्मिसार्टन त्यांनी पुन्हा लिहून दिली, पूर्वीचाच डोस, सकाळी एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मायच्या दंडाला लावलं. पट्टा फुगला, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट लागलं. १४८ वर ८८. वहीत लिहिलं, आणि मग गोळी तिच्या हातावर ठेवली.